तालुका कोर्टातली मोफत विधी सेवा : मारहाणीच्या दोन केसेस मिटवताना आलेला अनुभव

आमच्या तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाजूला, झेरॉक्सच्या टपरीकडे वळताना एक छोटी खोली लागते. दारावर ‘तालुका विधी सेवा समिती’ अशी पाटी. त्या पाटीसमोरून मी दीड वर्ष तारखांना ये-जा केली आणि एकदाही आत डोकावले नाही. मला वाटायचं, ही सोय ज्यांना कोणीच नाही त्यांची. आपलं पाच एकर शेत आहे, आपण कशाला तिथे बसायचं? ते दीड वर्ष आणि त्यात गेलेले पैसे आजही डोळ्यांसमोर येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भांडण पाण्याचं होतं. तापीकाठी आमची आणि चुलत जेठांची, म्हणजे मालकांच्या थोरल्या चुलत भावाची, विहीर एकच, मोटारी दोन, पाळी ठरलेली. मे २०२३ मध्ये थ्री फेज लाईट रात्री एकला यायची. एका रात्री आमच्या पाळीत कॉक फिरवलेला निघाला आणि शब्दाला शब्द लागला. जेठांचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने हातातल्या पावडीचा (फावड्याचा) दांडा उगारला, मी मधे पडले आणि तो माझ्या कपाळावर बसला. पाच टाके पडले. ते बघून आमच्या मालकांनी जेठांना ढकललं. ते हौदाच्या कठड्यावर आपटले, डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पहाटे दोन्ही घरं ग्रामीण रुग्णालयात एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेली.

सकाळी ठाण्यात दोन फिर्यादी गेल्या. आमच्या फिर्यादीवरून पुतण्यावर कलम ३२४, ३२३, ५०४. त्यांच्या फिर्यादीवरून मालकांवर आणि माझ्यावर ३२५, ३२३, ५०४ आणि ३४, म्हणजे दोघांनी मिळून केलं असं. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, घटना त्याच्या आधीची, म्हणून जुनी भादंवि, म्हणजे भारतीय दंड संहिता, लागली.

त्या श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली तेव्हा रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, दोन घरी वेगळे झाले. ज्यांच्याकडे कानबाई बसते त्यांना वेगळं सांगायला नको, रोट सगळ्या भाऊबंदकीचा असतो. आमच्या सासूबाई देवीसमोर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “कानबाईना रोट दोन घरसमा कसा व्हई?” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढच्या श्रावणापर्यंत राग निवळला होता. जेठाणीबाई स्वतः आमच्या ओट्यावर आल्या. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे धावायला जायचा, आणि त्याच्या नावावर केस. आम्हीही तारखांना कंटाळलो होतो. सगळ्यांनी ठरवलं, मिटवायचं. आम्हाला वाटलं, भांडण आमचं, फिर्याद आमची, तर मागेही आम्हीच घेऊ. सही केली की झालं.

ठाण्यात गेलो तर तिथले अंमलदार म्हणाले, “ताई, दोषारोपपत्र कोर्टात गेलं. आता हे आमच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. फिर्याद तुम्ही दिली, पण केस सरकार विरुद्ध आरोपी अशी आहे.” सरळ बोलले, उपकारच म्हणायचे.

मग गावातल्या एका जाणत्या माणसाने स्टॅम्पपेपरवर ‘आमच्यातील वाद आपसात मिटला आहे’ असं लिहून नोटरी करून दिलं. दोन्ही घरांकडून साडेतीन-साडेतीन हजार घेतले. तो कागद कोर्टात दिला, तो फाईलला लागला आणि पुढची तारीख मिळाली. एवढाच त्याचा उपयोग. नुसत्या अशा कागदाने फौजदारी केस संपत नाही, हे सात हजार गेल्यावर कळलं.

त्यानंतर ओळखीतून एक खाजगी वकील भेटले. दोन्ही केसेसचे मिळून चाळीस हजार सांगितले आणि मला समजावलं, “साक्षीला उभ्या राहा आणि सांगा, अंधार होता, कोणी मारलं ते दिसलं नाही. फितूर झालात की मुलगा सुटला.” त्या रात्री मला झोप लागली नाही. कपाळावर बोटभर लांब खूण घेऊन मी शपथ घ्यायची आणि कोण ते दिसलं नाही म्हणायचं? मिटवायचं तर मला होतंच, पण असं नाही.

त्या पाटीच्या खोलीत मी गेले ती यानंतर. आमच्या बचत गटातली एक बाई तिच्या पोटगीच्या कामाला तिथे जात होती, तिने ओढून नेलं.

आत एक टेबल, एक लोखंडी कपाट, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्या आधी एक म्हातारे बाबा बसले होते, त्यांचा अर्ज तिथला कर्मचारी स्वतःच्या हाताने लिहून देत होता आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवत होता. माझी वेळ आली तेव्हा आधार कार्ड आणि कोर्टाचे कागद मागितले. मी आपणहून म्हटलं, आमचं शेत आहे, आम्हाला चालेल का? तर उत्तर मिळालं की बाईला उत्पन्नाची अटच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे, ती आपल्या राज्यात वर्षाला तीन लाख. मालकांचा आणि पुतण्याचा तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लावला, त्यांचंही काम झालं. आरोपी असला तरी मिळतो आणि मार खाल्लेला असला तरी मिळतो. वकिलाची फी, टायपिंग, नकलांचा खर्च, कशालाही कोणी एक रुपया मागितला नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे, तो मी आता गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

जे आवडलं नाही तेही सांगते. आम्हाला पहिल्यांदा नेमून दिलेले पॅनलचे, म्हणजे समितीच्या यादीतले, वकील दोन तारखांना आलेच नाहीत. फोन लावला की, “दुसऱ्या कोर्टात आहे.” मी पुन्हा त्या खोलीत गेले, वकील बदलून द्या असा साधा अर्ज केला. बदलून मिळाला, पण त्यात अडीच महिने गेले. असा अर्ज करता येतो हे आधी कोणीही सांगितलं नव्हतं, भिंतीवरही लिहिलेलं नव्हतं. फुकटची सेवा आहे म्हणून माणूस गप्प बसतो, आणि तिथेच नुकसान होतं. बसायला जागा अपुरी. गर्दीच्या दिवशी बाळंतीण बाईसुद्धा जिन्यावर बसलेली मी पाहिली.

दुसऱ्या वेळी मिळालेल्या वकील मॅडम मात्र वेगळ्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मालकांना आणि जेठाणीबाईंना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. माझ्या कपाळाकडे बघून विचारलं, अजून दुखतं का? थंडीत ओढ बसते, मी म्हटलं. मग म्हणाल्या, “ताई, मिटवायचं तुम्हाला आहे की घरच्यांना?”

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी थोडा वेळ बोललेच नाही. मग म्हटलं, मला आहे. पण त्याने अजून माझी माफी मागितलेली नाही. मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. आमच्यासारख्या घरात पुष्कळ बायांना केस मागे घे म्हणून धाक असतो, घरातच मार खाल्लेला असतो आणि घरातूनच दडपण येतं. त्या बाईला एकटीला बसवून विचारणारं कोणी तरी पाहिजे. या सेवेला मी जे गुण देते त्यातले निम्मे त्या लोटलेल्या दारासाठी आहेत.

पुढच्या आठवड्यात पुतण्या त्याच खोलीत आला. खुर्चीवर बसला नाही. “काकू, माझी चूक झाली,” म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून आखाजीचे झोके दाखवलेले. मीही रडले.

आता कायद्याचं. मॅडमनी दोषारोपपत्राच्या झेरॉक्सच्या मागे पेन्सिलने दोन खण आखले. त्या म्हणाल्या, मारहाणीची केस मिटते की नाही हे तुमच्या मनावर नाही, कलमावर आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये दोन तक्ते आहेत, कोणता गुन्हा कोणी मिटवायचा त्याचे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३५९ झालं.

साधी दुखापत म्हणजे ३२३, नव्या न्याय संहितेतलं ११५(२). ज्याला मार बसला तो स्वतः मिटवू शकतो, त्याला कोर्टाची परवानगी लागत नाही. हे एकटं कलम असेल तर पोलीस बहुतेक वेळा अदखलपात्र म्हणूनच नोंद करतात. ५०४, म्हणजे शिवीगाळीचं, तेही तसंच मिटतं. हाड मोडलं, दात पडला, तर ती गंभीर दुखापत, ३२५, आता ११७(२). तीही मिटते, पण कोर्टाने परवानगी दिली तरच. आणि ३२४, म्हणजे हत्याराने किंवा घातक वस्तूने केलेली दुखापत, आता ११८(१), ती त्या दोन्ही तक्त्यांत नाहीच. पूर्वी होती, नंतर काढली.

मी म्हटलं, मॅडम, हे उलटंच झालं. जेठांचं हाड मोडलं ती केस इथे मिटणार, आणि माझे पाच टाके मिटणार नाहीत?

“हो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मालकांनी हाताने ढकललं. पोराच्या हातात दांडा होता.” शिक्षा बघायला गेलं तर ३२५ ला सात वर्षांपर्यंत आणि ३२४ ला तीन वर्षांपर्यंत. तरी मिटवण्याचा नियम असा. मारामारीत हातात काय होतं यावर पुढचं किती अवलंबून असतं, हे आमच्याकडच्या तरुण पोरांना कोणीतरी बसवून सांगायला हवं.

फितूर होण्याचं मी त्यांना विचारलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “शपथेवर खोटं बोलायचं नाही. टाके पडले ते पडले, दवाखान्याचा दाखला फाईलला आहे. खोटी साक्ष दिली म्हणून कोर्ट तुमच्यावरच कारवाई करू शकतं. खरं आहे ते खरं ठेवून मिटवायची वाट कायद्यात आहे, ती लांबची आहे, पण आहे.” चाळीस हजारांत मला हेच कोणी सांगितलं नव्हतं.

मालकांच्या मित्राने मधेच एक सुचवलं, आमदारांकडे जाऊ, केस काढून घ्यायला लावू. तेही मॅडमनी समजावलं. सरकारी वकील खटला मागे घेऊ शकतो, जुन्या ३२१ ने किंवा नव्या ३६० ने, पण ते त्यानेच स्वतःच्या विचाराने ठरवायचं आणि कोर्टाची संमती लागते. नव्या कायद्यात तर ज्याला मार बसला त्याचं ऐकल्याशिवाय कोर्टाला तशी संमती देता येत नाही. घरच्या भांडणाला ही वाट नाही.

जेठांची केस मग लोकअदालतीत ठेवली. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा असते आणि त्यात फौजदारीपैकी फक्त तडजोडीला पात्र केसेस घेतात. दोन्ही बाजूंनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. न्यायाधीश साहेबांनी जेठांना पुढे बोलावून विचारलं, हात बरा आहे का, कोणी जबरदस्ती केली का, दवाखान्याचा खर्च कोणी केला? जेठ म्हणाले, “साहेब, भाऊ शे मना.” भाऊ आहे माझा. साहेबांनी परवानगी दिली, सह्या झाल्या. अशी तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरतात. आम्ही दुपारी दोनच्या एसटीने घरी होतो. दोन वर्षांची केस चाळीस मिनिटांत संपली.

पुतण्याची केस राहिली. ३२४ असल्याने तिला उच्च न्यायालयच लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठात येतात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. तिथेही विधी सेवेची उपसमिती आहे, आमची फाईल इथूनच तिकडे पाठवली गेली. अर्ज आरोपीने करायचा असतो, एफआयआर आणि खटला रद्द करा म्हणून. मी फिर्यादी, म्हणून मी समोरची बाजू. माझी संमती प्रतिज्ञापत्रावर. पुतण्याला एक वकील, मला वेगळा वकील, दोघांनाही मोफत.

मॅडमनी आधार सांगितला होता तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालाचा. जो गुन्हा तक्त्यात नाही, तोही दोन्ही बाजूंत खरोखर मिटला असेल आणि वाद खाजगी स्वरूपाचा असेल, तर उच्च न्यायालय आपल्या अंगच्या अधिकारात खटला रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा यांना हे लागू नाही, कारण तो गुन्हा एका माणसाविरुद्धचा राहत नाही, सगळ्या समाजाविरुद्धचा होतो. आमच्या गटातल्या एकीच्या भावावर ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम, आहे, तिने हे ऐकून मला लगेच विचारलं. त्याबद्दल २०१४ चा नरिंदरसिंग निकाल आहे. ३०७ लावलं एवढ्यावरून दार बंद होत नाही, जखम कुठे आहे, हत्यार काय, हे कोर्ट बघतं. पण साधारणपणे अशा केसेस रद्द करत नाहीत. तिला मी त्याच खोलीत पाठवलं, मी काय सांगणार.

जळगावहून पहाटेची गाडी धरली, फर्दापूरच्या पुढे घाट चढताना उजाडलं, सिल्लोडला चहा. जेठाणीबाईंनी डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेतला होता. एका डब्यातून जेवायची ती दोन वर्षांतली पहिली वेळ. कोर्टात दोन न्यायमूर्तींसमोर मला उभं केलं. हिंदीत बोलू का मराठीत, मला समजेना. न्यायमूर्तींनीच मराठीत विचारलं, कपाळाला लागलं ते तुम्हीच का? हा मुलगा तुमचा कोण? कोणाच्या दडपणाखाली आहात का? मी म्हटलं, पुतण्या आहे, दडपण नाही, त्याने माझी माफी मागितली आहे. खटला रद्द झाल्याचा आदेश निघाला. एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी, एवढाच खर्च.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण त्या अडीच महिन्यांचा आणि जिन्यावर बसलेल्या बाळंतिणीचा कापला. पॅनलचा वकील न आल्यास काय करायचं, बाईला उत्पन्नाची अट नाही, कोणत्या कलमाचं काय होतं, एवढं मोठ्या अक्षरात मराठीत बाहेरच्या भिंतीवर लावलं तरी कितीतरी माणसं नोटरीच्या कागदाला पैसे घालणार नाहीत. तशी लेखी सूचना मी दिली आहे, पोच माझ्याकडे आहे.

जाताना एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र, दवाखान्याचा दाखला, आधार आणि उत्पन्नाची अट लागत असेल तर उत्पन्नाचा दाखला न्या. तारखेची चिठ्ठी विसरू नका, तिच्यावरून केस नंबर मिळतो. आणि ज्याला मार बसला आहे त्याला सोबत न्या, त्याच्याशिवाय कोणी पुढे काही करू शकत नाही.

भरतीचा फॉर्म भरताना पुतण्या कागद घेऊन आला होता. गुन्हा दाखल झाला होता का, असा रकाना आहे, तिथे काय लिहू काकू, म्हणाला. केस संपली तरी दाखल झाली होती ते लिहायचं, लपवलं तर नोकरी लागूनही जाऊ शकते, असं मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही ‘हो’ लिहिलं, खाली केस नंबर आणि आदेशाची तारीख. आदेशाची पक्की नक्कल मी पेटीतून काढून त्याला दिली आणि झेरॉक्स माझ्याकडे ठेवली.